घंटेनंतरची दहा मिनिटे

जानेफळच्या बाजारपेठेत सकाळी दुकान उघडण्याची एक रीत आहे. शटर वर जाते, उंबरठ्यावर पाणी शिंपडले जाते, झाडलोट होते, उदबत्ती लागते, तराजूची पारडी पुसून काटा पाहिला जातो, गल्ल्यातील सुटे पैसे मोजले जातात आणि कालचा रोजमेळ एकदा नजरेखालून जातो. पहिले गिऱ्हाईक पायरी चढते तेव्हा दुकान त्याच्यासाठी तयार असते. यांपैकी एकही काम मोठे नाही. परंतु ज्या दुकानात ही कामे गिऱ्हाईक आल्यावर सुरू होतात, त्या दुकानाची पत हळूहळू उतरते, हे आपल्या घराण्यांतील लहान मुलालाही ठाऊक असते.

दुसरे उदाहरण आमच्या गावाच्या रस्त्यावरचे. आषाढी झाल्यावर पंढरपूरहून परतणारी श्री गजानन महाराजांची पालखी मेहकरनंतर जानेफळला येते आणि पुढे शिर्ला नेमाने, आवार, खामगाव या वाटेने शेगावला पोहोचते. शेकडो वारकरी असतात, पण कोठे गोंधळ नसतो. कोणी कोणाला ओरडून सांगत नाही. टाळकरी कोठे चालायचे, पताका कोणी धरायची, विसावा केव्हा, जेवणाची पंगत कशी, हे सारे आधीच ठरलेले असते आणि प्रत्येकाला ते माहीत असते. म्हणूनच वारकऱ्याचे चित्त रांगेत गुंतत नाही, नामस्मरणात गुंतते.

या दोन्ही गोष्टी आठवण्याचे कारण शाळा हे आहे. गेली काही वर्षे मी आमच्या परिसरातील एका शाळेच्या कामात थोडेफार लक्ष घालत आलो. त्या शाळेचे नाव येथे सांगत नाही, कारण जे लिहिणार आहे ते कमी-अधिक प्रमाणात कोणत्याही शाळेला लागू पडेल. आणि त्यातील सर्वांत मोठी चूक शाळेची नसून माझी आहे.

एका पाण्याच्या बाटलीची गोष्ट

माझी नात तेव्हा सहावीत होती. एके दिवशी ती रडवेली होऊन घरी आली. कारण विचारले तर म्हणाली, "आजोबा, पाणी प्यायले म्हणून मॅडम रागावल्या." मला नवल वाटले. पाणी पिणे हा काय गुन्हा? मग हळूहळू उलगडा झाला. पहिल्या तासिकेचे सर वर्गात पाणी पिऊ देत. दुसऱ्या तासिकेच्या मॅडमना ते चालत नसे. तिसऱ्या तासिकेला हात वर करून विचारावे लागे, तर चौथ्या तासिकेला विचारलेलेच खपत नसे. समासाचेही तसेच. एक शिक्षक वहीत समास आखायला लावत, दुसरे म्हणत की कागद वाया जातो. नातीचा प्रश्न अगदी सरळ होता. ती म्हणाली, "शाळेचा नियम कोणता, हे एकदा सांगा ना. मी तोच पाळीन."

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "शेठजी, एक दिवस वर्गात मागच्या बाकावर बसून पाहा. मग आपण बोलू."

मी बसलो. व्यापाऱ्याची सवय म्हणून खिशातील छोट्या वहीत नोंदी करीत गेलो. घंटा झाल्यापासून प्रत्यक्ष शिकवणे सुरू होईपर्यंत किती मिनिटे जातात, एवढेच टिपायचे ठरवले. पहिल्या तासिकेला हजेरी, फीची चौकशी आणि खडू शोधण्यात नऊ मिनिटे गेली. दुसऱ्या तासिकेला वह्या वाटताना सहा. तिसऱ्या तासिकेला बाई वेळेवर आल्या, पण अर्धी मुले पाणी पिऊन परतायची होती. मधल्या सुट्टीनंतरची तासिका तर स्थिरस्थावर होण्यातच गेली. दिवसअखेर बेरीज केली. आठ तासिकांत मिळून 42 मिनिटे. त्या दिवशी कोणताही शिक्षक आळशीपणा करीत नव्हता. सगळेच घसा कोरडा होईपर्यंत राबत होते. तरीही एका तासिकेहून अधिक वेळ कोणाच्याही हाती न लागता निघून गेला होता.

मिनिटांचा जमाखर्च

आपण व्यापारी मंडळी. हिशेब मांडल्याशिवाय आपल्याला गोष्टीचे गांभीर्य पटत नाही. तेव्हा हिशेब मांडू.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन सांगितले आहे. पहिली ते पाचवीसाठी हे प्रमाण 200 दिवस आणि 800 तास असे आहे. आता प्रत्येक तासिकेच्या आरंभी केवळ 5 मिनिटे वाया जातात असे धरा. आठ तासिकांची 40 मिनिटे. 220 दिवसांची 8800 मिनिटे, म्हणजे जवळजवळ 147 तास. हजार तासांच्या भांडवलातून सातव्या हिश्शाहून किंचित अधिक रक्कम अशी गळून जाते. ज्या पेढीत सातवा हिस्सा तुटीत जातो त्या पेढीचे मालक रात्री झोपू शकणार नाहीत. शाळेत मात्र ही तूट कोणत्याही वहीत चढत नाही, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

ही तूट संपूर्ण भरून निघणार नाही, हे खरे. मुले म्हणजे गोण्या नव्हेत, त्यांना बसायला, उठायला, श्वास घ्यायला वेळ लागणारच. पण ती निम्म्यावर आली तरी वर्षाला 35 मिनिटांच्या सव्वाशे तासिका हाती लागतात. त्यासाठी नवी खोली नको, नवा शिक्षक नको, एक रुपयाचा खर्चही नको.

शिस्त आणि घडी

त्याच दिवशी मला एक वर्ग असाही दिसला जेथे तूट जवळजवळ नव्हती. गणिताच्या एक बाई होत्या. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरून कान देऊन ऐकावे लागे. त्या वर्गात येण्यापूर्वीच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन उदाहरणे लिहिलेली होती, वर्गातील एका मुलीने ती वहीतून उतरवून ठेवली होती. मुले आली, बसली, वही उघडून उदाहरणे सोडवू लागली. बाई हजेरी घेत होत्या ती नावे न पुकारता, बाकांकडे नजर टाकून. पाचव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला. दोन-तीन मुलांनी तो पाहून आपला हात वर केला, मग शेजारच्यांनी, आणि वर्ग शांत झाला. छडी नाही, दटावणी नाही.

मी त्यांना नंतर विचारले, "ही मुले तुमचे एवढे ऐकतात कशी?" त्या म्हणाल्या, "माझे ऐकत नाहीत हो. त्यांना पुढे काय करायचे ते ठाऊक असते, एवढेच."

या एका वाक्यात पुष्कळ काही आले. आपण शिस्त म्हणतो तेव्हा आपल्या मनात शिक्षा असते, मूल चुकल्यावर काय करायचे याचा विचार असतो. त्या बाई ज्याबद्दल बोलत होत्या ती शिस्त नव्हे, घडी होती. मूल चुकण्याआधी त्याला वाट दाखवून ठेवणे म्हणजे घडी. जेकब कौनिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्गांचे चित्रीकरण करून त्यांचा अभ्यास केला आणि 1970 मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतात यात चांगल्या आणि सामान्य वर्गांत त्यांना फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो गोंधळ होण्यापूर्वी शिक्षक काय करतात यात. सगळ्या वर्गावर लक्ष असणे, एका कामातून दुसऱ्या कामात अडखळल्याविना जाणे, एकाशी बोलत असताना बाकीच्यांना रिकामे न ठेवणे, या गोष्टींनी वर्ग सावरला जात होता.

दुकान उघडण्याची रीत आपल्याला आपोआप आली असे आपण समजतो. ती आपोआप आलेली नसते. वडिलांनी पहिल्या दिवशी काटा कसा पाहायचा ते करून दाखवले, दुसऱ्या दिवशी आपल्याकडून करवून घेतले, तिसऱ्या दिवशी चुकलो तेव्हा न रागावता पुन्हा करायला लावले. वर्गातील घडीही अशीच शिकवावी लागते. वह्या कशा जमा करायच्या हे सांगून भागत नाही. एकदा करून दाखवावे, मुलांकडून करवून घ्यावे, चुकले तर पुन्हा करवावे. जूनमधील पहिला आठवडा या कामी घालवणारा शिक्षक वेळ दवडत नसतो, वर्षभराची पेरणी करीत असतो. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. अभ्यासक्रम मागे पडेल या धास्तीने पहिल्याच दिवशी धडा सुरू करण्याची घाई होते. पण न शिकवलेल्या घडीची किंमत मग मार्चपर्यंत रोज हप्त्याहप्त्याने चुकवावी लागते.

एकट्याची घडी पुरत नाही

मुख्याध्यापकांना माझ्या नोंदी दाखवल्या. ते म्हणाले, "हे मला ठाऊक आहे. त्या बाईंचा वर्ग चांगला चालतो हेही ठाऊक आहे. पण त्यांची तासिका संपली की मुले दुसऱ्या राज्यात जातात."

खरी अडचण येथेच आहे. पाचवीपासून पुढे मुलाच्या वर्गात दिवसाला सहा-सात शिक्षक येतात. प्रत्येकाची रीत वेगळी असेल तर मुलाची अर्धी बुद्धी कोणाला काय चालते हे ओळखण्यात खर्च होते. हुशार मूल ते लवकर ओळखते आणि त्याचा फायदाही घेते. भोळे मूल मार खाते. माझी नात दुसऱ्या प्रकारातील होती. शिवाय जो शिक्षक नियम पाळायला लावतो तो कठोर ठरतो आणि जो सोडून देतो तो प्रेमळ ठरतो. असे झाले की कर्तव्यदक्ष शिक्षक एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस फार काळ तग धरत नाही.

त्या वर्षी शाळा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी सर्व शिक्षकांना दोन दिवस एकत्र बसवले. मला ऐकायला बोलावले होते, बोलायला नव्हे. पहिला दिवस तर वादातच गेला. प्रत्येकाला आपलीच रीत योग्य वाटत होती. शेवटी एका ज्येष्ठ गुरुजींनी मार्ग काढला. ते म्हणाले, "सगळ्यांत चांगली रीत कोणती हे ठरवायला आपल्याला वर्ष पुरणार नाही. सगळ्यांना जमेल अशी एक रीत ठरवू." मग अवघ्या सात गोष्टी ठरल्या आणि त्या एका पानावर मावल्या. वर्गात प्रवेश करताच फळ्यावरील छोटे काम सुरू करायचे. शांततेसाठी सर्वांनी हात वर करण्याची एकच खूण वापरायची. पाणी दोन तासिकांच्या मधल्या वेळेत प्यायचे, आजारी मुलाला मात्र केव्हाही मुभा. लघुशंकेला जाण्यासाठी दाराजवळची लाकडी पट्टी घेऊन जायचे, एका वेळी एकाने. वह्या रांगेच्या शेवटच्या मुलाने पुढे सरकवायच्या. उशिरा आलेल्याने दाराजवळच्या बाकावर बसून फळ्यावरील काम करायचे आणि ते आटोपल्यावर आपल्या जागी जायचे. आणि शेवटचे, शिक्षकांनी घंटेला वर्गाच्या दारात असायचे.

या सातव्या कलमावर सर्वांत जास्त चर्चा झाली, हे मुद्दाम सांगतो. मुलांकडून अपेक्षा ठेवणे सोपे असते. शिक्षकांनी एकमेकांकडून अपेक्षा ठेवणे कठीण. वास्तविक कायद्याच्या 24 व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत आणि त्यांत पहिलेच कर्तव्य नियमित व वेळेवर उपस्थित राहण्याचे आहे. पालकांच्या नियमित सभा घेणे, प्रत्येक मुलाची कुवत पाहून लागेल ती जादा मदत करणे, हीही त्यातच आहेत. आठवड्याला पूर्वतयारीसह 45 तास काम, असेही परिशिष्ट सांगते. आणि 17 व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा वा मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. छडी कायद्याने काढून घेतली, हे योग्यच झाले. पण छडीच्या जागी काय ठेवायचे याचा विचार प्रत्येक शिक्षकावर एकट्याने सोपवला गेला तर काही जण हताश होतात, काही जण ओरडतात. सर्वांनी मिळून ठरवलेली घडी हेच छडीच्या जागी ठेवण्यासारखे आहे.

आपल्या परंपरेतील दाखले

ही कल्पना परकी आहे असे कोणी समजू नये. जपानमधील शाळांत मुले स्वतः वर्ग झाडतात, जेवण वाढतात, रोज पाळीने वर्गाचे काम पाहतात, याचे आपण कौतुक करतो. आपल्याजवळची उदाहरणे मात्र विसरतो.

आमच्यापासून फार दूर नाही, आजच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे 1918 मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला. ब्रह्मचारी देवचंदजी, जे पुढे आचार्य समंतभद्र महाराज म्हणून विख्यात झाले, त्यांनी लावलेले हे रोप. पुढे 1934 मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे गुरुकुल उभे राहिले. गुरुकुलाची ताकद इमारतीत नव्हती. विद्यार्थ्यांचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस एका सूत्रात ओवलेला असे आणि ते सूत्र गुरुजनांनाही तितकेच लागू असे, यात होती. सांगणारा एक आणि वागणारा दुसरा, अशी फाळणी तेथे नव्हती.

त्याच कुंभोजमध्ये 22 सप्टेंबर 1887 रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पाटलांचा जन्म झाला. 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह चालू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि आपली कामे आपणच करीत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. परंतु तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शाळा काढायच्या तर आधी शिक्षक घडवले पाहिजेत, हे कर्मवीरांनी ओळखले आणि 1935 मध्ये साताऱ्यात अध्यापक प्रशिक्षणाचे विद्यालय सुरू केले. त्यागाने वसतिगृह उभे राहते. ते टिकते मात्र सर्वांनी मानलेल्या रीतीने.

अलीकडचे उदाहरणही साताऱ्याचेच आहे. कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी वर्गांची मांडणीच बदलली. मुले जमिनीवर आखलेल्या आकृत्यांवर, काड्या-खड्यांच्या साहाय्याने, एकमेकांच्या मदतीने शिकू लागली. महाराष्ट्रभरातून शिक्षक ते पाहायला गेले. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत साहित्य भरते. खरे वैशिष्ट्य असे की एका शाळेतील एका हौशी शिक्षकाचा हा प्रयोग नव्हता, एका बीटमधील शाळांनी मिळून धरलेली ही वाट होती. बदली झाली की शिक्षक जातो. रीत सर्वांची असेल तर ती मागे राहते.

आणि दाखला कशाला हवा? महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, आणि 2023 पासून राज्यगीत. शेकडो मुले त्या वेळी एकचित्त उभी असतात. तीच मुले दहा मिनिटांनी वर्गात गोंगाट करतात. मुले तीच, शाळा तीच. परिपाठाचा क्रम सर्वांना ठाऊक असतो आणि सर्व शिक्षक तेथे उभे असतात, एवढाच काय तो फरक.

घडीचा काच होतो काय?

काही पालकांनी मला विचारले, अशाने मुलांची यंत्रे होणार नाहीत काय? शंका रास्त आहे. घडी हेच साध्य मानले, हाताची घडी आणि तोंडावर बोट हेच शिक्षण समजले, तर यंत्रेच होतील. म्हणून प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारावा. यामुळे मुलाचा शिकण्याचा वेळ वाढतो काय, की केवळ मोठ्यांची सोय होते? दुसऱ्या उत्तराचे नियम काढून टाकावेत. आमच्याकडे ठरलेल्या सात गोष्टींत केस, गणवेशाची बटणे, बाकावर हात कसे ठेवायचे, यांचा उल्लेख नव्हता, तो याचमुळे.

आपल्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत असते. त्याविषयी रोज वाद होत नाही, म्हणून संध्याकाळ मोकळी होते. रीत मोजकी आणि स्थिर असली की मन मोकळे राहते.

आणखी एक गोष्ट. आपल्या मुलांना घरी घडी असते. वेळेवर उठवणारी आई असते, डबा असतो, अभ्यासाला कोपरा असतो. आमच्या भागात हंगामी कामासाठी बाहेरगावी जाणारी कुटुंबे आहेत. त्यांची मुले आज एका गावात, उद्या दुसऱ्या. अशा मुलाला उद्या काय होणार हे ठाऊक असलेली जगातील एकच जागा म्हणजे शाळा. तेथेही दर तासिकेला नियम बदलत असेल तर त्याने पाय टेकवायचा कोठे? शाळेची घडी आपल्या मुलांसाठी सोय असेल. त्या मुलासाठी ती आधार असते.

माझी चूक

आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच वाटतो.

नव्या रीतीला तीन महिने झाले होते. घंटेनंतर वर्ग लागलीच कामाला लागत होते. दिवाळीच्या आधीचे दिवस, सोयाबीनचा हंगाम, दुकानात पहाटेपासून गर्दी. नातीला शाळेत सोडायला घरातून उशीर होऊ लागला. लागोपाठ तीन दिवस ती दाराजवळच्या बाकावर बसली. चौथ्या दिवशी तिने घरी कुरकुर केली आणि मी फोन उचलला. मुख्याध्यापकांना म्हणालो, "हंगाम आहे, थोडे समजून घ्या. एवढ्या तेवढ्यावरून पोरीला दाराशी बसवू नका." त्यांनी क्षणभर थांबून "बरे" म्हटले. त्या शाळेची एक खोली आमच्या कुटुंबाने बांधून दिलेली आहे. ती गोष्ट मी बोललो नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

आठवड्याभरात आणखी चार घरांतून फोन गेले. मग शिक्षकांनीच तो नियम सोडून दिला. एक गेला म्हणून दुसराही सैल झाला. दिवाळीनंतर मी शाळेत गेलो तेव्हा मुख्याध्यापक माझ्याशी नेहमीच्या आदराने बोलले. निघताना मात्र म्हणाले, "शेठजी, तुम्ही दिलेली खोली उभी आहे. पण तुमच्या एका फोनने सगळ्यांनी मिळून उभारलेले काहीतरी पडले."

त्या रात्री मला झोप आली नाही. आयुष्यभर मी गिऱ्हाइकाला सांगत आलो की आमच्या दुकानात एकच भाव. ओळखीचा असो की अनोळखी, वजन तेच आणि भाव तोच. आणि शाळेत मात्र मी माझ्या नातीसाठी वेगळा भाव मागितला होता.

पुढच्या सभेत मी शिक्षकांसमोर उभा राहिलो आणि क्षमा मागितली. घरी सर्वांना सांगितले की हंगाम असो वा नसो, पोर घंटेच्या दहा मिनिटे आधी शाळेत पोहोचली पाहिजे. नातीला म्हणालो, "चूक तुझी नव्हती, आमची होती. पण बाकावर बसायची वेळ आली तर बसायचे." तिने मान डोलावली आणि म्हणाली, "मला बसायचे वाईट वाटत नव्हते आजोबा. मला उशीर व्हायचे वाईट वाटत होते." शिक्षकांनी जानेवारीत सातही गोष्टी पुन्हा पहिल्यापासून शिकवल्या. पडलेली भिंत बांधायला नव्या भिंतीपेक्षा अधिक दिवस लागतात, हा अनुभव त्यांनाही आला.

आपण काय करू शकतो

आपल्या समाजाने शाळांना पुष्कळ दिले आहे. खोल्या, पाण्याच्या टाक्या, बाके, शिष्यवृत्त्या. दगडावर नावेही कोरली गेली. हे दान थांबू नये. पण त्याच्या जोडीला काही गोष्टी अशा आहेत ज्यांना पैसा लागत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे कायदा सांगतो. आपल्यापैकी जे तेथे बसतात त्यांनी निकालाच्या टक्केवारीआधी एक प्रश्न विचारावा: तुमच्या शाळेत सर्व शिक्षकांनी मिळून ठरवलेल्या गोष्टी कोणत्या? उत्तर नसेल तर दोष देऊ नये. शाळा उघडण्यापूर्वी शिक्षकांना एकत्र बसायला दोन दिवस मिळतील असे पाहावे. त्यांच्या चहा-जेवणाची व्यवस्था करावी आणि आपण बाहेर बसावे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या हाती ते एक पान पहिल्याच दिवशी पडेल, याची आठवण द्यावी. तासिका चालू असताना शिक्षकाला भेटायला बोलावू नये, फोनही करू नये. लग्नसराईत मुलाला चार दिवस घरी ठेवताना शाळेची परवानगी आपण गृहीत धरतो, ती सवय सोडावी. ठरलेला नियम चुकीचा वाटला तर सभेत बोलावे आणि सर्वांसाठी बदलून घ्यावा. आपल्या मुलापुरती सूट मात्र कधीही मागू नये. देणगीदाराने मागितलेली सूट नाकारणे मुख्याध्यापकांना कठीण जाते. म्हणून ती न मागणे हे आपले काम आहे, आणि हेही एक दानच आहे.

नात आता आठवीत आहे. परवा दुकानावरून शाळेकडे जाताना थांबली आणि म्हणाली, "आजोबा, आज फळ्यावरची उदाहरणे लिहायची पाळी माझी." घड्याळात पाहिले. घंटेला वीस मिनिटे होती. मी काटा पुसत होतो. दोघेही आपापल्या कामाला लागलो.